पराचा कावळा

छाओयांगच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत
थोंग शूचिन सुई धरून बसते.
बाहेर उणे अठरा. शेगडीवर किटली,
खिडकीच्या काचेवर आतून धरलेला बर्फ.
समोर ताटाएवढी राखी पाटी
आणि तिच्यात मान मागे टाकून पडलेला कुणीतरी.
दिवसाला नखभर दगड निघतो,
तोही हात थरथरला नाही तर.

दलाल सांगून गेलाय : पक्षी आहे, बाई, पंख बघा, पंख.

पंख आहेतच. भुरकट,
बोटाने काजळ पुसल्यासारखे.
पण जबड्यात दात आहेत, करवतीचे,
पंखांच्या टोकाला तीन-तीन नख्या,
आणि शेपूट हाडांची, लांबच लांब,
सरड्याने मागितली तर द्यावी लागेल अशी.

उडतो तो पक्षी म्हणावं
तर वटवाघूळ हसेल, शहामृग लाथ घालेल.
अंडी? ती सुसरही घालते.
चोच? कासवाला विचारा.

आपल्या भाषेने हा घोळ केव्हाच घालून ठेवलाय :
द्विज म्हणजे पाखरू, आणि द्विज म्हणजे दात.
दोनदा जन्मतात म्हणून.
शूचिनला हा शब्द माहीत नाही.
तिच्या सुईखाली मात्र दोन्ही द्विज
एकाच अंगात निजलेत,
तळ्यातल्या गाळावर राख पडली त्या दिवसापासून,
आणि तिसऱ्यांदा जन्मायला
ती चष्मा पुसायची वाट बघतायत.

गुरुवारी दुपारी सुई अडखळते.
कमरेखाली, शेपूट सुरू होते तिथे,
दगडाचा आवाज बदलतो.
दगड कुरकुरतो. हा गप्प बसला.
ती पाटीला नाक लावते : सरस.

कुणीतरी, शेतात काही करायचं नसतं त्या दिवसांत,
एकाच्या धडाला दुसऱ्याची शेपूट जोडलीय,
फटीत भुकटी दाबून,
वरून ओला अंगठा फिरवून.
पराचा कावळा तो हाच.

राग यायला हवा होता.
पण ती सांध्याकडे बघत राहते;
हात चांगला होता, ज्याचा कुणाचा होता.
आणि उगाच वाटतं,
खऱ्यानेही हेच केलं असेल, फक्त घाई न करता.
थंडी वाजते म्हणून लव.
तिने वळून बघावं म्हणून रंग.
मग कधीतरी, उतारावर पाय सटकला,
तोल सावरायला हात पसरले,
आणि हवेने
क्षणभर
धरलं.
ठरवून कुणी पक्षी झालं नसेल.

नोंदवहीत ती लिहिते :
प्राणी दोन. पिसं दोघांनाही.

घरी अंगणात आई कोंबडी सोलतेय,
बादलीतून वाफ, ओल्या पिसांचा तो वास.
भावाचा मुलगा श्याओमान मेलेल्या पायाची शीर ओढतो,
बोटं मिटतात, सोडली की उघडतात.
पायावर खवले आहेत. शूचिन अंगठ्याने ते चाचपते,
रोज जेवताना समोर असलेले,
कधीच न बघितलेले.

“आत्या, कोंबडी पक्षी असते का गं?”

ती उत्तर जुळवते आहे तोवर
आई वर न बघताच म्हणते,
“मंगळवारी भिंतीवर जाऊन बसली होती.
तेव्हा होती.
पकडायला मला शिडी आणावी लागली.”

शुक्रवारी दलाल येईल, आवाज चढवेल.
आधी अर्धा तास तिचा आहे.
कोट काढताना बाहीवर एक मऊ पीस दिसतं,
पांढरं, बिनकण्याचं,
उडायच्या काहीच कामाचं नाही असं.
ती ते चिमटीत धरून भिंगाखाली नेते,
पाटीतल्या डागाशेजारी ठेवू पाहते.
श्वास रोखायचा राहतो.
पीस चिमटीतून सुटतं,
टेबलावर पडत नाही.
शेगडीवरची हवा गरम आहे,
ते वर जातं.